एका सुट्या सिगारेटनंतर

सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकण्यावर बंदी घातली. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर छापलेला सचित्र इशारा सुट्या सिगारेटवर नसतो आणि शाळा-कॉलेजच्या मुलांना अख्खे पाकीट परवडले नाही तरी एक सिगारेट परवडते, हा त्यामागचा विचार. त्या बंदीचे पुढे काय झाले ते कोणत्याही पानटपरीसमोर पाच मिनिटे उभे राहिले की कळते. पण सुट्या सिगारेटचे आणखी एक गिऱ्हाईक असते, आणि त्याच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. ते म्हणजे सिगारेट सोडलेला माणूस. सोडलेली सिगारेट पुन्हा सुरू करताना कुणी पाकीट विकत घेत नाही. तो एक घेतो. कधी विकत, कधी मित्राच्या पाकिटातली, कधी नुसता मित्राच्या हातातल्या सिगारेटचा एक झुरका.

हा झुरका चौथ्या दिवशी येतो, कधी चाळिसाव्या, कधी वर्ष उलटून गेल्यावर. तोवर कपड्यांचा वास गेलेला असतो, जिना चढताना लागणारी धाप कमी झालेली असते, घरातल्यांनी चारचौघांत कौतुक करून झालेले असते. आणि मग चुलत्याच्या दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघत सगळे उभे असतात, शेजारचा न बोलता पाकीट पुढे करतो आणि हात आपोआप पुढे जातो. त्यानंतरचे काही तास आणि दोन-तीन दिवस कसे जातात, यावर पुष्कळ काही ठरते. महिनाभराने तो माणूस पुन्हा रोजच्या दहा सिगारेटींवर असेल, की ती एक सिगारेट तेवढीच राहिलेली असेल, हे बहुधा याच काळात ठरत असते.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी दारू आणि सिगारेट सोडणाऱ्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. पाय घसरणे आणि दरीत पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे त्यांनी आग्रहाने मांडले. व्यसनमुक्तीच्या परिभाषेत पहिलीला ‘लॅप्स’ म्हणतात आणि दुसरीला ‘रिलॅप्स’. दोन्हींच्या मध्ये काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंतचा काळ असतो आणि त्या काळात करण्यासारखे बरेच असते. पण नेमका हाच काळ मोकळा सुटतो. सोडण्यापूर्वी सल्ला भरपूर मिळतो, पुन्हा पूर्ण सुरू झाल्यावर बोलणीही भरपूर बसतात. मधल्या दिवसांत मात्र त्या माणसाशी कुणी बोलत नाही, कारण झाले आहे काय हेच कुणाला ठाऊक नसते.

मोडलाच आहे उपास, तर...

या मधल्या काळात मनात काय चालते, हा मार्लॅट यांच्या कामाचा गाभा. ते समजायला त्यांचे पुस्तक वाचण्याची गरज नाही, एकादशीचे उदाहरण पुरेसे आहे. उपासाच्या दिवशी कुणीतरी चुकून फरसाणाची चिमूट तोंडात टाकतो. लगेच घरातून आवाज येतो, ‘‘मोडला ना उपास? मग आता जेवूनच घे.’’ एका चिमटीने उपास मोडला आणि भरल्या ताटानेही तो तितकाच मोडला, असा तो हिशेब. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या संशोधकांनी १९७५ साली हाच प्रकार प्रयोगात पाहिला. खाण्यावर कटाक्षाने ताबा ठेवणाऱ्या विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग चव सांगण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम पुढे ठेवले. मिल्कशेक प्यायलेल्यांनी आइस्क्रीम कमी खायला हवे होते. त्यांनी मिल्कशेक न प्यायलेल्यांपेक्षा जास्त खाल्ले. पथ्य मोडले ही जाणीव पोटावर मात करून गेली.

उपासाच्या बाबतीत हे चालून जाते, कारण दुसऱ्या दिवशी जेवायचेच असते. सिगारेटला हा हिशेब लावला की एकीची दहा व्हायला वेळ लागत नाही. मार्लॅट यांचे म्हणणे असे की, पाय घसरल्यावर माणूस त्याचे कारण कुठे शोधतो हे महत्त्वाचे. ‘माझ्यात दमच नाही, मी असाच’ असे जो म्हणतो त्याच्या हातात पुढे करण्यासारखे काही उरत नाही. ‘दोन रात्री झोप नव्हती, रडारड चालली होती आणि समोर पाकीट आले’ असे जो म्हणतो त्याला पुढच्या वेळी निदान पाकिटाच्या बाजूला उभे न राहण्याचे सुचते.

मराठी घरांत हा प्रश्न थोडा अधिक अवघड होतो, कारण इथे व्यसन सोडणे म्हणजे पुष्कळदा शपथ घेणे असते. देवासमोर, आईच्या पायांवर हात ठेवून, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून, गळ्यात माळ घालून. शपथेची ताकद कमी लेखण्याचे कारण नाही, माळेने कित्येकांची दारू सुटली आहे. पण शपथेला मधली पायरी नसते. ती पाळली जाते किंवा मोडते. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सोडलेली सिगारेट एकदा ओढली गेली तर ते कबूल करण्याची सोयच राहत नाही. माणूस लपवू लागतो, बडीशेप खिशात ठेवू लागतो आणि लपवता लपवता पूर्वीच्या आकड्यावर जाऊन पोहोचतो.

पुढच्या संशोधनात चित्र मार्लॅट यांनी रेखाटले होते तितके सरळ निघाले नाही, हेही सांगायला हवे. पिट्सबर्ग विद्यापीठातील सॉल शिफमन यांनी सिगारेट सोडणाऱ्यांच्या हातात तळहाताएवढे संगणक दिले आणि तलफ आली, पाय घसरला की त्याच क्षणी नोंद करायला सांगितले. महिन्याभराने आठवून सांगितलेल्या गोष्टींपेक्षा या नोंदी अधिक खऱ्या. त्यांतून दिसले ते असे की, नुसते वाईट वाटणे तितके घातक नसते. वाईट वाटते म्हणून काहीजण उलट सावरतात. ‘आता सोडून द्यावे हा नाद’ ही हार मानण्याची भावना मात्र माणसाला पुढच्या सिगारेटकडे लवकर नेते.

तीन तासांचा हिशेब

पण म्हणून ‘एकीने काय होते’ हेही खरे नाही. झुरका घेतल्यावर निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि तिथल्या ठरावीक ग्राहींना, म्हणजे रिसेप्टरना, जाऊन चिकटते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आर्थर ब्रॉडी यांच्या गटाने २००६ मध्ये मेंदूच्या स्कॅनवर हे मोजले. एक-दोन झुरक्यांनीच यांतल्या प्रमुख प्रकारच्या ग्राहींपैकी निम्मे व्यापले गेले आणि तसे तीन तास राहिले. अख्ख्या सिगारेटने हे प्रमाण ८८ टक्क्यांवर गेले. मित्राच्या हातातला एक झुरका ‘घेतला न घेतल्यासारखा’ नसतो. मेंदूच्या दृष्टीने ते पुरते आमंत्रण असते.

वर्षानुवर्षे ओढणाऱ्यांच्या मेंदूत या ग्राहींची संख्या वाढलेली असते. सिगारेट सुटल्यावर ती हळूहळू उतरते आणि साधारण सहा ते बारा आठवड्यांत न ओढणाऱ्यांच्या पातळीवर येते, असे येल विद्यापीठाच्या २००९ मधल्या अभ्यासात दिसले. चिडचिड, झोप न लागणे, लक्ष न लागणे, सतत भूक ही लक्षणे पहिल्या दिवशीच सुरू होतात, पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असतात आणि दोन ते चार आठवड्यांत बरीच ओसरतात. शरीराला वाटणारी ओढ कमी झाली तरी मेंदूतली जुळवाजुळव अजून चालूच असते. चाळिसाव्या दिवशी ‘आता माझा ताबा आहे, एखादी चालेल’ असे वाटते ते याच फटीत. प्रत्यक्षात, उपचार घेतल्यानंतर ज्यांनी एक सिगारेट ओढली त्यांतले बहुसंख्य पुढे नियमित ओढू लागल्याचे अनेक पाहण्यांत दिसले आहे. पाय घसरणे सर्रास घडते, पण ते किरकोळ नसते.

या हिशेबाची दुसरी बाजूही आहे. एका सिगारेटने चाळीस दिवस पुसले जात नाहीत. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड वाढतो तो पुढची सिगारेट घेतली नाही तर दिवसभरात पुन्हा उतरतो. फुप्फुसांत झालेली सुधारणा एका झुरक्याने मागे जात नाही. चाळीस दिवसांत जेवणानंतर, गाडी चालवताना, फोनवर बोलताना सिगारेटशिवाय राहण्याचा जो सराव झाला, तोही जात नाही. ‘पहिल्यापासून सुरुवात’ हा शब्दप्रयोग म्हणूनच फसवा आहे.

चहाचा गुंता

पाय कुठे घसरतो, याची शिफमन यांच्या कामातून मिळालेली यादी आपल्याकडेही ओळखीची वाटेल. राग, चिंता, उदासी हे पहिले. त्याखालोखाल आनंदाचे प्रसंग: पार्टी, लग्न, जुने मित्र भेटणे. दारू दोन्हीकडे हजर. ज्याला सिगारेट सोडायची आहे त्याने पहिले दोन-तीन महिने ‘बसायला’ जाऊ नये, हा सल्ला रुक्ष वाटतो, पण दारूच्या पहिल्या पेल्यानंतर निर्धाराचे काय होते हे ‘बसणाऱ्यां’ना सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्रात या यादीत चहा वरच्या क्रमांकावर घालावा लागेल. कटिंग आणि सिगारेट, चहा आणि विडी ही जोडी कारखान्याच्या गेटवर, एसटी स्टँडवर, कोर्टाच्या आवारात सगळीकडे एकत्रच असते. चहाचा ग्लास हातात आला की दुसरा हात खिशाकडे जातो, हे सवयीचे झाले. पण चहाचा आणखी एक, फारसा माहीत नसलेला भाग आहे. सिगारेटच्या धुरातील काही रसायनांमुळे यकृतातले एक विकर अधिक जोमाने काम करते आणि कॅफीनचा निचरा लवकर होतो. सिगारेट बंद झाली की हा वेग काही दिवसांत उतरतो. चहा-कॉफी तेवढीच राहिली तर रक्तातले कॅफीन जवळपास दुप्पट होऊ शकते. मग हात थरथरतात, छातीत धडधडते, रात्री डोळा लागत नाही, उगाच चिडचिड होते. ही सगळी लक्षणे निकोटीन सुटल्याच्या त्रासासारखीच दिसतात. दिवसाला सहा-सात कप पिणारा माणूस म्हणतो, ‘‘सिगारेट सोडल्यापासून मला काही सहनच होत नाही.’’ तो एक सिगारेट ओढतो, बरे वाटते आणि सोडणे आपल्या प्रकृतीला मानवत नाही असा त्याचा पक्का समज होतो.

सिगारेट सोडताना चहा निम्म्यावर आणावा, हा उपाय इतका स्वस्त आहे की तो कुणी गंभीरपणे घेत नाही. शक्य असेल तर चहाची जागाही बदलावी. टपरीऐवजी कँटीन, उभ्याऐवजी बसून, ओढणाऱ्या मंडळींऐवजी दुसऱ्या कुणाबरोबर. हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नाही. त्यामुळे तंबाखू खाणे सोडणाऱ्याला तो लागू होत नाही. त्याची दुखणी वेगळी.

त्याच दिवशी, त्याच तासाला

पाय घसरल्यावर सर्वांत महाग पडतो तो मुहूर्त. आता सोमवारपासून, एक तारखेपासून, पाडव्यापासून, हे पाकीट संपले की. पुढची तारीख ठरली की तोपर्यंतच्या सिगारेटींना परवानगी मिळते आणि बंद पडलेले यंत्र तेवढ्या दिवसांत पुन्हा पुरते सुरू होते. त्यापेक्षा हातातली अर्धी राहिली असेल तर अर्धीच विझवावी. पाकीट घेतले असेल तर उरलेले नळाखाली धरावे. नुसते टाकलेले पाकीट रात्री कचऱ्याच्या डब्यातून उचलले जाते, भिजलेले उचलले जात नाही. त्या जागेवरून निघून जावे. तलफेची लाट सहसा काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ पायांनी किंवा फोनने भरून काढावा. आणि एका माणसाला सांगावे. बायकोला, मित्राला, डॉक्टरांना, कुणालाही. सांगितलेली सिगारेट पुष्कळदा एकच राहते, लपवलेली क्वचितच.

‘आता बंद नाही, पण दिवसाला दोनच’ हा तह बहुतेकजण या टप्प्यावर करतात. तो टिकत नाही याचे कारण वर आले आहे: दोन सिगारेटी म्हणजे दिवसातले सहा तास आमंत्रण खुले. सोडण्याच्या पद्धतींची तुलना करणारा एक मोठा ब्रिटिश अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास ७०० जणांपैकी निम्म्यांनी ठरलेल्या दिवशी एकदम सिगारेट बंद केली, निम्म्यांनी दोन आठवड्यांत कमी करत आणून बंद केली. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के सिगारेटमुक्त होते, कमी करत आणणाऱ्यांपैकी ३९ टक्के. दोन्ही गटांना समुपदेशन आणि निकोटीनची औषधे मिळत होती, हे विसरू नये.

औषधांच्या बाबतीत एक गैरसमज फार नुकसान करतो. निकोटीनचा गम किंवा पट्टी वापरत असताना सिगारेट ओढली गेली तर लोक घाबरून औषध थांबवतात, ‘दोन्हीकडून निकोटीन गेले, आता हृदयाला काही होईल’ म्हणून. पूर्वी या उत्पादनांच्या वेष्टनावर तसा इशाराही असे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये तो बदलायला सांगितला. एखादी सिगारेट ओढली गेली तरी गम किंवा पट्टी चालू ठेवावी आणि सोडण्याचा प्रयत्न पुढे न्यावा, असा आताचा सल्ला आहे. यामागे तर्क आहे. निकोटीनच्या पट्टीचा उपयोग पहिली सिगारेट टाळण्यासाठी होतोच, पण पहिलीनंतरची घसरण थोपवण्यात तो अधिक दिसतो, असे शिफमन यांच्याच एका चाचणीत आढळले. म्हणजे ज्या दिवशी औषधाची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी ते बंद केले जाते. हृदयविकाराचा ताजा झटका, गर्भारपण अशा स्थितीत मात्र डॉक्टरांना विचारूनच.

पाय घसरला म्हणजे बऱ्याचदा डोस कमी पडत होता, असाही त्याचा अर्थ असतो. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली सिगारेट लागायची, त्याला २ मिलिग्रॅमचा गम पुरत नाही, ४ मिलिग्रॅमचा लागतो. पहिल्या आठवड्यांत तो दर तासा-दोन तासांनी लागतो. दिवसात दोन गम चघळून ‘काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांनी औषध घेतलेलेच नसते. शिवाय गम चघळण्याचीही पद्धत आहे. च्युइंगगमसारखा तो सारखा चावत राहिला तर निकोटीन पोटात जाते, उचकी लागते, मळमळते. दोन-चारदा हळू चावावा, जिभेला चुणचुण लागली की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यावा, चुणचुण गेली की पुन्हा चावावा. तंबाखूचा बार धरण्याचा सराव असलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. गमच्या आधी पाव तास आणि तो तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत घेऊ नये. नाहीतर निकोटीन शोषले जात नाही. पट्टी दिवसभर अंगावर आणि तलफ आली की वरून गम, अशी जोडी एकट्या औषधापेक्षा अधिक उपयोगी पडते. याशिवाय व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपियॉन ही गोळ्यांच्या रूपातली औषधे आहेत, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्यावीत. निकोटीनची औषधे २०२२ पासून देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. तो मोफत आहे. सोडण्याआधीच फोन करायचा असे नाही, सोडल्यावर पाय घसरला तरी करता येतो. जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्ती केंद्रे असतात. तिथे चाळीस दिवसांनंतर ओढलेल्या एका सिगारेटसाठी गेले तर कुणी हसणार नाही. ती केंद्रे त्यासाठीच आहेत.

सिगारेट गेली, तंबाखू आली

महाराष्ट्रात घसरणीचा एक प्रकार असा आहे की तो घसरण वाटतच नाही. माणूस सिगारेटकडे परतत नाही, तो तंबाखू मळू लागतो. मावा, खर्रा, गुटख्याची पुडी. प्रौढांमधील तंबाखूसेवनाच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के होते आणि तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. आजूबाजूला दर चौथ्या माणसाच्या खिशात चुन्याची डबी असताना तलफ आलेल्याला सिगारेटचे दुकान शोधावे लागत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण तिचेही सुट्या सिगारेटसारखेच झाले. धूर नाही, वास कमी, घरात कळत नाही, म्हणून हे चालवून घेतले जाते. निकोटीन मात्र मिळतच राहते, ग्राही भरलेलेच राहतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा रस्ता उघडतो. सिगारेट सोडून महिना झाला हे सांगताना गालात काय आहे, हेही विचारले गेले पाहिजे.

घरातल्यांचा यात वाटा मोठा असतो. शर्टाचा वास आला की ‘‘तरी मी म्हणतच होते’’ हे वाक्य जिभेवर तयार असते आणि त्यात तथ्यही असते, कारण गेल्या तीन वेळचा अनुभव गाठीशी असतो. त्या माऊलीला दोष देण्यात अर्थ नाही. तरी ‘‘किती ओढल्यास?’’ याऐवजी ‘‘कुठे होतात तेव्हा?’’ हा प्रश्न अधिक कामाचा ठरतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर खोटे येते. दुसऱ्याचे खरे येण्याची शक्यता असते आणि त्यातून पुढच्या वेळी काय टाळायचे तेही कळते. मिसरी लावणाऱ्या बाईचे तर घरात कुणी लक्षातच घेत नाही. ती सोडते तेव्हा कौतुक नाही, पुन्हा लावते तेव्हा विचारपूस नाही. तिच्या घसरणीची नोंद फक्त तिच्याकडे असते.

किती वेळा प्रयत्न केले की सुटते, हा प्रश्न प्रत्येक दवाखान्यात विचारला जातो. पूर्वी पाच-सात वेळा असे ठोकून सांगितले जाई. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातल्या धूम्रपान करणाऱ्यांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हा आकडा बराच वर नेला: हिशेबाच्या पद्धतीनुसार सहापासून तीसपर्यंत आणि त्याहूनही अधिक. ऐकायला धडकी भरवणारा आहे, पण त्यात एका दिवसात संपलेले प्रयत्नही मोजलेले आहेत. कोणत्याही मदतीशिवाय सोडणाऱ्यांचे बहुतेक प्रयत्न पहिल्या आठ दिवसांतच कोसळतात आणि सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात, हे २००४ मध्येच दाखवून झाले होते. विनामदत प्रयत्नाला एवढेच यश येत असेल तर चौथ्यांदा अपयशी ठरलेल्या माणसाच्या निर्धाराविषयी शेरा मारण्यात काय हशील?

मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी हृदयाच्या तक्रारीमुळे १८९४ मध्ये मित्र डॉक्टर विल्हेल्म फ्लीस यांच्या सांगण्यावरून सिगार सोडल्या आणि काही काळाने पुन्हा धरल्या. १९२३ मध्ये तोंडाचा कर्करोग निघाला, पुढच्या सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी सिगार सुटल्या नाहीत. माणसाच्या मनाविषयी त्यांच्याइतका विचार केलेली माणसे थोडी असतील. समज आणि सुटका यांचा संबंध आपण मानतो तितका घट्ट नाही. त्या काळी गम नव्हता, पट्टी नव्हती. बराक ओबामा यांच्याकडे होता. निकोटीनचा गम चघळत असताना मधूनमधून पाय घसरतो, हे त्यांनी २००९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदावर असताना उघड मान्य केले. २०११ च्या सुरुवातीला मिशेल ओबामा यांनी सांगितले की त्यांनी जवळपास वर्षभर सिगारेट ओढलेली नाही.

प्रयत्न कितव्यांदा यशस्वी झाला याची नोंद शरीर ठेवत नाही. ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा करून रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हिशेब मांडला, तो वयाचा होता: साठीत सोडणाऱ्याला साधारण तीन वर्षे मिळतात, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ, तिशीत दहा. पाचव्या खेपेला पन्नाशीत सुटली तरी सहाच मिळतात, पहिल्या खेपेला सुटली तरी सहाच.

संशोधनाच्या बाजूने एक कबुली द्यायला हवी. घसरण होऊ नये म्हणून आधीच कौशल्ये शिकवण्याचे अनेक कार्यक्रम तपासले गेले आणि त्यांनी फारसा फरक पडल्याचे दिसले नाही, असा कोक्रेन या संस्थेच्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. औषध अधिक काळ चालू ठेवण्याचा उपयोग होतो, असे त्यातल्या त्यात दिसते, विशेषतः व्हॅरेनिक्लिनच्या बाबतीत.

इथे नेहमीचा प्रश्न येतो: गमचीच सवय लागली तर? काहींना लागते. गमचा कोर्स साधारण बारा आठवड्यांचा असतो. त्यानंतरही काहीजण महिनोन्महिने दिवसाला दोन-तीन गम घेत राहतात. त्यात धूर नाही, डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही, त्यामुळे सिगारेटच्या तुलनेत ही सवय फार कमी धोक्याची आहे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ती हळूहळू उतरवता येते. प्रत्यक्षात दिसणारी अडचण उलटी असते. तिसऱ्या आठवड्यात बरे वाटू लागले की लोक गम बंद करतात, उरलेली पट्टी कपाटात पडून राहते आणि सहाव्या आठवड्यात लग्नाचे बोलावणे येते. बाहेरगावी जाताना ब्लडप्रेशरच्या गोळ्यांबरोबर गमचीही पट्टी बॅगेत टाकावी. वऱ्हाडाच्या गाडीत बसायच्या आधी ती वरच्या खिशात घ्यावी.